टपावरची लहान पेटी

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज सासूबाईंनी थेट मला फोन केला. एरवी त्या आपल्या मुलाला, थेसोकना, करतात. थेसोक "हो आई, जेवलो आई, इकडेही गार पडलंय आई" एवढं म्हणून फोन ठेवतात, की झाली आठवड्याची विचारपूस. आज माझा फोन वाजला तेव्हा मी दुकानात शिडीवर होते आणि तोंडात पडद्याचे हूक होते.

"ग्युरीची आई, या वर्षी किमची जरा जास्त करायची आहे. गाडीच्या टपावर बसवतात ना पेटी, तसली एक घ्या. आपल्या शेजारच्या प्यो म्हातारीचा मुलगा आणायचा बघ, तसली."

मी हूक तोंडातून काढले. "आई, आम्ही माणसं तीन. त्यातली ग्युरी घरी जेवतच नाही. मागच्या वर्षीची किमची अजून फ्रिजमध्ये आहे."

"ती आंबट झाली असेल. तिचा रस्सा कर. आणि पेटी मोठी घ्या हं. लांब घ्या."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या काळात या बाईंनी आमच्याकडे काही म्हणून मागितलेलं नाही. साठीला दिलेली विजेची चटई अजून खोक्यातच आहे, थंडीत उघडते म्हणतात. आणि आता एकदम गाडीला पेटी, तीही मोठी.

तशी पेटीची कल्पना वाईट नाही. दर नोव्हेंबरात किमजांगला, म्हणजे वर्षाची किमची घालायला, आम्ही आन्यांगहून सासूबाईंच्या गावी, जांगहुंगला जातो आणि येताना गाडी नुसती डब्यांनी भरलेली असते. मागच्या वर्षी एक डबा ग्युरीच्या मांडीवर होता. वाटेत त्याचं झाकण उडालं, खारं पाणी सीटखाली गेलं आणि वसंतापर्यंत गाडीला वास येत होता. मुलीने मैत्रिणींना गाडीत बसवणंच बंद केलं.

संध्याकाळी थेसोकना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "घेऊ या की. तूच निवड. मापाचं तुला कळतं."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? गाडीच्या बाबतीत त्यांनी आजवर माझं काडीचं ऐकलेलं नाही. काच पुसायची पट्टीसुद्धा तीन दुकानं फिरून स्वतः निवडतात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पेट्यांचं जग फारच मोठं आहे. परदेशी पेटीच्या किमतीत आमची पहिली गाडी आली असती. आपल्याकडे बनलेल्या तिच्या निम्म्यात मिळतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे कापडी पिशवी, पट्ट्यांनी टपाला बांधायची, पण पावसात आतलं सगळं भिजतं असं लोकांनी लिहिलंय. एका गृहस्थाने लिहिलंय, "पेटी उत्तम. बायकोची कटकट थांबली." तिला आत घातलं की काय, हे मात्र लिहिलेलं नाही.

पेटी ज्यांवर बसते ते टपावरचे आडवे दांडे किमतीत धरलेले नसतात, ते वेगळे घ्यायचे. दुकानदार हे सगळ्यात शेवटी सांगतात. पडद्यांच्या धंद्यात आम्हीही पडद्याचा भाव आधी सांगतो आणि दांडीचा मागून, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

लहान पेटी तीनशे लिटरची, मोठी पाचशेची. लिटरचं मला समजत नाही, मी पेटीत काय दूध भरणार आहे? मी लांबी-रुंदी लिहून घेतली. आमच्या इमारतीच्या तळघरात गाडी लावायची, तर दाराशी साखळीला पिवळा दांडा टांगलाय, जमिनीपासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर. त्याच्याखालून गेलं पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्यांची पेटी गेल्या वर्षी तिथे घासली आणि सगळ्या इमारतीला आवाज ऐकू आला.

२६ ऑक्टोबर, रविवार

थेसोक आणि मी दुकानात गेलो. मालक बोलका. मी म्हटलं, "किमचीचे डबे मावतील अशी पेटी हवी."

तो हसलाच. "ताई, नोव्हेंबर आला की रोज कुणीतरी हेच विचारतं. टपावर किमची घालू नका. कोबी, मुळा, पाणी, सगळं जड. जड सामान खाली डिकीत, हलकं वर. वर काय घालायचं, तर कपडे, अंथरुणं, तंबू."

"मग सासूबाईंनी मोठी पेटी कशाला सांगितली असेल?"

"ते मला काय विचारता, सासूबाई तुमच्या!"

थेसोक तोवर बाहेर जाऊन दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे टायर बघत होते. निवडायला मला आणलं आणि आपण टायर बघत बसले.

घरी येताना मी गाडीत विचार करत होते. जड खाली, हलकं वर. सासूबाईंनी उभं आयुष्य किमची घातली. डब्याचं वजन त्यांना कुणी सांगायला नको. आणि पेटी हवी ती नुसती मोठी नाही, लांब. मग वर घालायला एवढं लांब आणि हलकं काय आहे त्यांच्याकडे?

२ नोव्हेंबर, रविवार

आज दोन फोन.

पहिला सासूबाईंचा. कोबी किती घालू म्हणून. मी सांगितलं, नेहमीएवढेच. त्या म्हणाल्या, दुप्पट घालते, दोन वर्षं पुरेल. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "ती तुमची लहान खोली अजून आहे ना गं? आणि त्यातलं भिंतीतलं कपाट?"

"आहे की. माझं शिलाई मशीन आहे तिथे."

"कपाटात जागा असेल ना पण?"

दुसरा फोन नणंदेचा. इन्सुक ग्वांगजूला असते, कामाशिवाय फोन करत नाही. "वहिनी, आई काही बोलली का तुमच्याशी? नाही? बरं बरं. पेटी मात्र मोठी घ्या हो."

सगळ्यांना माझ्या टपाची एवढी काळजी कधीपासून लागली?

मी इन्सुकला कोंबड्यांचं विचारलं. म्हणाली, आईने कोंबड्या देऊन टाकल्या. कुत्राही गावप्रमुखाकडे दिला. गुडघा चालत नाही म्हणून.

आता मी भोळी नाही. कोंबड्या गेल्या, कुत्रा गेला, दोन वर्षांची किमची, लहान खोली, कपाट, लांब पेटी. सासूबाई आमच्याकडे राहायला येणार आहेत. मला कुणी विचारलेलं नाही. पेटी मात्र मीच निवडायची.

इथे खरं लिहिते. त्या वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला कधी वाकडं बोललेलं नाही. फक्त मी मसाला भरून ठेवलेला कोबी त्या काही न बोलता पुन्हा उघडतात आणि पुन्हा भरतात. पंचवीस वर्षं, दर किमजांगला. आता हे माझ्या स्वयंपाकघरात रोज व्हायचं. ती खोली माझी आहे. दिवसभर लोकांच्या खिडक्या मोजून आल्यावर तिथे दार लावून मी दोन तास बसते. घरात तेवढीच जागा माझ्या नावाची आहे.

थेसोकना विचारलं, "आई काही म्हणाल्या का हो तुम्हाला? इकडे येण्याबद्दल?"

"नाही बुवा." आणि कचरा खाली टाकायला गेले. आज कचऱ्याचा वारही नव्हता.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर एक पेटी निघाली, इथून दोन बसथांब्यांवर. मोठी, लांब, आणि उंचीला बसकी. एकच उन्हाळा वापरलेली. दांड्यांसकट किंमत नव्या लहान पेटीपेक्षा कमी. मीच शोधली, मीच थेसोकना दाखवली, तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं. स्वस्त वस्तू दिसली की माझा हात आपोआप पुढे होतो.

विकणारं जोडपं तरुण. तिला सातवा महिना असावा. तो पेटीच्या झाकणावरून हात फिरवत होता.

"घेऊन जा ताई, आजच्या आज," ती म्हणाली. "विकतेय मी, रडतोय हा."

"बाळ झाल्यावर पण कॅम्पिंगला जाता येतं," तो म्हणाला.

"जा ना. बाळाला घेऊन जा. मी घरी झोपते."

त्याने आम्हाला किल्ली दाखवली. पेटी दोन्ही बाजूंनी उघडते. आत हात घालून बघितलं, अगदी कोरडी. मी टेप काढला, पेटीची उंची घेतली, दांड्यांची घेतली. गाडीची तर पाठच आहे. बेरीज केली. पिवळ्या दांड्याखालून चार बोटं जागा ठेवून ती गेली असती.

थेसोक दोन पावलांवर उभे होते. त्यांनी विचारलं, "काय गं, बसतेय?"

"नाही बसत," मी म्हटलं. "दोन बोटं जास्त होतात."

"मग राहू दे," ते म्हणाले.

एवढंच. जो माणूस गॅसवाल्याने दिलेली पावती पुन्हा बेरीज करून बघतो, तो म्हणाला मग राहू दे. त्या पोराने म्हटलं, "पण ही तर बसकी आहे, दोन दहाखालून जायला हवी," तेव्हा थेसोकच म्हणाले, "हिने मोजलंय ना? ही मापं घेणारी बाई आहे."

मी वीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन मापं घेते. कापड वाया गेलं तर माझ्या पगारातून जातं, म्हणून मी कधी चुकत नाही, आणि चुकले तर लपवत नाही. आज पहिल्यांदा टेप एक म्हणाला आणि मी दुसरं सांगितलं.

नवऱ्याचा माझ्यावर केवढा विश्वास. त्यानेच जास्त टोचलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

लहान पेटी बसवून आणली, नवी, काळी. त्या जुन्या मोठ्या पेटीपेक्षा महाग पडली. जन्मात पहिल्यांदा मी महाग वस्तू घेतली, आणि तीही लहान आहे म्हणून घेतली. गाडी आता दुसऱ्याची टोपी घातल्यासारखी दिसते. ग्युरी म्हणाली, "आई, यात काय मावणार? माझे बूट?"

पिवळ्या दांड्याखालून गाडी आत नेली. वर एवढी जागा उरली की पाहवेना. थेसोक समोर बघून गाडी चालवत होते, वर बघितलंच नाही.

सासूबाईंना फोन करून सांगितलं. "आई, मोठी बसत नव्हती. आमच्याकडे दार ठेंगणं आहे."

"हो का. मग हिची लांबी किती?"

सांगितली. मागे त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "दुमडून बघू."

"काय दुमडून, आई?"

"तू ये तर खरी."

फोन ठेवल्यावर मला हरल्यासारखं वाटलं, का ते कळलं नाही. जिंकले तर मीच होते.

२९ नोव्हेंबर, शनिवार. जांगहुंग

हात अजून झोंबतायत, तीनदा धुतले तरी.

काल आम्ही दोघं पोहोचलो तेव्हा कोबी मिठात घालून झाले होते. गुडघा चालत नाही म्हणणाऱ्या बाईने एवढे कोबी कसे चिरले, तर म्हणे बसून चिरले. आल्यापासून मी फारसं बोलतच नाहीये, त्यांनीही विचारलेलं नाही.

अंगण मोकळं मोकळं. मसाल्याच्या रांजणांतले निम्मे नाहीत. स्वयंपाकघरातल्या फळीवर चार ताटल्या, चार वाट्या. आणि आतल्या खोलीत, जमिनीवर, गुलाबी कापडात बांधलेलं एक गाठोडं, मुरमुऱ्याच्या पोत्याएवढं. मी पायाने हळूच दाबून बघितलं. मऊ. अंथरुण.

माणूस पाहुणा म्हणून येतो तेव्हा आपली गादी घेऊन येत नाही. मला राग आला. आणि रागाच्या खाली एक विचार असा की ते गाठोडं माझ्या पेटीत मावणार नाही. या विचाराने मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

आज दिवसभर मसाला. इन्सुक आली होती, गल्लीतल्या दोन बायका आल्या होत्या. हसणं, खिदळणं, एकमेकींच्या सुनांची निंदा. निंदा करताना एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी नाही हो, तू चांगली आहेस." सगळ्या हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सुनेला काही म्हणायचं नाही. तिच्या हाताला माप आहे." मी मान वर केली नाही.

दुपारी डुकराचं मांस उकडलं. सासूबाईंनी ताज्या कोबीचं पान फाडलं, त्यात मांसाचा तुकडा गुंडाळला आणि माझे हात मसाल्याचे म्हणून स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात कोंबला. नेहमी कोंबतात. घास एवढा मोठा की डोळ्यांत पाणी येतं आणि बोलता येत नाही.

एक नवल झालं. मी भरून ठेवलेला एकही कोबी त्यांनी आज उघडला नाही. बघितला, आणि सरळ डब्यात रचला. मला वाटलं, दमल्या असतील.

३० नोव्हेंबर, रविवार. घरी

सकाळी थेसोक डिकीत डबे लावत होते. सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि गाठोड्याची गाठ सोडायला सांगितली. त्यांच्या बोटांना ती सुटत नव्हती.

मी गाठ सोडली. आत लाल आणि हिरव्या रेशमाचं अंथरुण-पांघरुण, दोघांचं. घड्यांवरसुद्धा पिवळेपणा नाही. मी ते ओळखलं, पण ओळखायला वेळ लागला, कारण ते मी एकदाच बघितलं होतं. माझ्या लग्नात माझ्या आईने सासू-सासऱ्यांना दिलेलं. नवरीकडून द्यायची पद्धत असते ते. कापूस तिने स्वतः बाजारात बसून निवडला होता, मुठीत दाबून दाबून. तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

"हे तुझं," सासूबाई म्हणाल्या. "घेऊन जा. तिथे चालत नाही."

"कुठे चालत नाही?"

मग त्यांनी सांगितलं, जणू उद्या बाजारात जायचंय अशा आवाजात. बुधवारी त्या तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात जातायत. प्यो म्हातारी वसंतापासून तिथेच आहे, तिच्या शेजारची खाट रिकामी झाली. सप्टेंबरमध्ये त्या अंगणात पडल्या होत्या. एकटीने उठायला दुपार झाली. थेसोकना सांगितलं नाही, मलाही नाही. इन्सुकला सही करायची होती म्हणून फक्त तिला. तिथे खाट आश्रमाची, पांघरुण आश्रमाचं, एक लहान कपाट. रेशीम धुण्यात टाकतात आणि खराब करतात.

"एकदाही अंथरलं नाही मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईने एवढं चांगलं दिलेलं, डाग पडला असता तर? आता वाटतं, अंथरायला हवं होतं."

मी गुडघ्यांवर बसले होते, हात त्या रेशमावर. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. हायसं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. क्षणभरच, पण वाटलं. आणि दुसऱ्या क्षणी मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"आई, आम्हाला एकदा विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या. "मग मी रोज सकाळी तुझं तोंड बघितलं असतं. तू चांगली आहेस गं, पण तोंड लपवता येत नाही तुला." आणि त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात जराही खोच नव्हती, मी शोधली.

थेसोकना मग अंगणात सांगितलं, इन्सुकने. ते विहिरीकडे तोंड करून उभे राहिले, बराच वेळ. सासूबाई म्हणाल्या, "पुरे रे. डबे लाव, ऊन चढतंय."

गाठोडं पेटीत काही केल्या मावेना. उभं घातलं, आडवं घातलं, दुमडलं. इन्सुक स्टूलवर चढून दाबत होती, थेसोक झाकण ओढत होते. कापूस दाबला की एकीकडून बसायचा आणि दुसरीकडून फुगायचा. सासूबाई पायरीवर बसून सूचना देत होत्या. "त्या कोपऱ्यात ढकल. असं नाही रे. जाऊ दे, लहानच आहे ती. बरं झालं लहान घेतलीत, उगाच जास्त पैसे गेले असते."

शेवटी पेटीत वाळवलेल्या मुळ्याचा पाला, मिरच्या, लसणाच्या माळा आणि सासऱ्यांचा फोटो गेला. गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं आणि घसरू नये म्हणून त्याला पट्टा लावला. सीट पूर्ण भरली. सासूबाईंनी काचेतून आत बघितलं, समाधानाने मान हलवली आणि गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या. निघा.

परतीच्या वाटेत महामार्गावरच्या थांब्यावर थेसोकनी अक्रोडाच्या छोट्या गरम केकांची पुडी आणली आणि माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, "ती मोठी पेटी बसत होती. चार बोटं जागा उरत होती. मी खोटं सांगितलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी जाऊन मोजलं मी. दारही मोजलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पुडीचं तोंड दुमडलं, उघडलं, पुन्हा दुमडलं. "मला पण वाटलं होतं, आई येणार म्हणून. मोठी घे म्हणायचं माझ्याने झालं नसतं, लहान घे म्हणायचंही झालं नसतं. म्हणून तर तुला निवडायला सांगितलं."

मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. पंचवीस वर्षांचं होतं. पण त्यांचे डोळे लाल झालेले आणि हातात ती तेलकट पुडी, आणि मागच्या सीटवर पट्टा लावून ते गाठोडं. मी पुडी घेतली आणि म्हटलं, "चला. किमची तापेल."

७ डिसेंबर, रविवार

रेशमी अंथरुण लहान खोलीतल्या कपाटात ठेवलं. कपाटात जागा होती, पूर्वीही होती.

थेसोक गुरुवारी एकटे जाऊन आले. रजा टाकून. पेटी काढली नव्हती, तशीच रिकामी घेऊन गेले. आईची खाट खिडकीशी आहे म्हणाले. तिथे कापडाचा पडदा आहे, पण आखूड, खालून ऊन येतं. मी माप विचारलं. त्यांनी मोबाईलमध्ये लिहून आणलं होतं, न सांगता.

आज मीच सासूबाईंना फोन लावला. मागे प्यो म्हातारी कुणाला तरी पत्त्यांत फसवल्याचा आरोप करत होती. सासूबाई म्हणाल्या, फरशी खालून तापवून गरम ठेवतात, भात मऊ करतात, मीठ कमी. मग मी म्हटलं, "आई, आमच्याकडे येता का? मशीन मी बाहेरच्या खोलीत हलवते. खोली तुमची."

मला पलीकडे पत्ते आपटल्याचा आवाज आला.

"नको गं," त्या म्हणाल्या. "इथे मी आता बसले. पण तू विचारलंस, ते बरं केलंस."

त्या नको म्हणतील हे मला फोन लावण्याआधी माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मला विचारता आलं. हे त्यांनाही कळलं असणार, मला त्या चांगल्या ओळखतात. मग त्यांनीच विषय बदलला.

"किमची कशी झालीय? मीठ बरोबर पडलंय ना? या वर्षी मी तुझे कोबी उघडून बघितले नाहीत."

"एकदम बरोबर, आई," मी म्हटलं.

डबा मी अजून उघडलेलाच नाही.